एका रिंगची खूण

सोमवार, दिवेलागण झाली

आज माझी नात पिंकी नोकरीला पुण्याला गेली. पोरगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार, सकाळपासनं जीव थाऱ्यावर न्हाय.

आत्ता तिचा फोन वाजला. मला लई आनंद झाला. फोन छातीशी धरून बसले, उचलला न्हाय. पोचली की बाई! आधी गावी, मोडनिंबाला, बटणाचा फोन हुता, रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. लेक सासरी पोचली की एक रिंग द्यायची. उचलला तर तिचे पैसे कापले जायचे. त्या एका रिंगवर मी किती वर्षं निवांत झोपले!

पण हा वाजतच राहिला. सूनबाई धावत आली, "अहो आत्या, उचला की!"

उचलला तर पडद्यावर पिंकीचं तोंड, रडून लाल. "आजी, मला बोलायचं होतं गं. उचलत का नव्हतीस?"

"मला वाटलं, पोचल्याची रिंग दिलीस."

रडता रडता हसली. "अगं, आता फाईव्ह-जी आहे. कितीबी बोल."

गालावरचं पाणीसुद्धा साफ दिसत हुतं. पुसायला हात नेला तर बोट लागून फोनच बंद. सूनबाईनं परत लावून दिला. पूर्वी नुसत्या रिंगनं भागायचं. आता एवढं दिसतंय, तरी मन का भरंना?

"जेवलीस का?"

"एकटीला घास जाईना."

मग मीबी ताट वाढून घेतलं, फोन तांब्याला टेकवला. तिनं डबा उघडला. भाकरी संपेपर्यंत दोघी काहीच बोललो न्हाय, पण फोन कुणीच ठेवला न्हाय.