चेकलिस्टचा मुद्दा क्रमांक एक

१४ मार्च २०१६, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. स्वतःशी खरं बोलायला एक जागा असावी म्हणून. वय चव्वेचाळीस. पंधरा वर्षं जाहिरात एजन्सीत लेआउट केले, दसऱ्याला नोकरी सोडली आणि उस्मानपुऱ्यात 'पिक्सेलपान क्रिएटिव्ह' काढली. स्टाफ दोन. सुकेशनी डिझायनर, मी क्रिएटिव्ह डायरेक्टर.
पाच महिन्यांत आपल्या वेबसाईटवरून एकही फोन आलेला नाही. यावर प्रामाणिकपणे विचार केला. निष्कर्ष : औरंगाबादचं मार्केट अजून तयार नाही.
पण आता तात्यासाहेब बिल्डरांनी पैठण रोडवरच्या 'नीलजल रेसिडेन्सी'ची वेबसाईट दिली आहे. अक्षय्य तृतीयेला बुकिंग सुरू. प्रांजलीचं आणि माझं ठरलं (म्हणजे प्रांजलीनं ठरवलं) की ही साईट नीट झाली नाही तर कंपनी बंद, आणि मी वैजापूरला तिच्या भावाच्या, नानासाहेबांच्या, कांद्याच्या आडतीवर बसायचं. अक्षय्य तृतीया नऊ मेला. छप्पन्न दिवस आहेत. भरपूर.

१५ मार्च.
तत्त्व ठरवलं. नेटवरचे उसने फोटो वापरणार नाही. ब्रोशरमधल्या तलावात खोटं पाणी दाखवणार नाही. सुकेशनी म्हणाली, सर, खरं दाखवायचं तर ते असायला पाहिजे ना. तरुण पिढी फार लवकर निराश होते.

१९ मार्च, शनिवार.
बांधकामाच्या जागेवर गेलो. ब्रोशरमध्ये 'तलाव' आहे तो पाझर तलाव निघाला. सध्या पाझरून झालेला आहे. मधोमध पोरं क्रिकेट खेळत होती. खेळपट्टी चांगली वाटली. कॅमेरा बॅगेतून काढला नाही. उन्हात लेन्स खराब होते.
परत येताना सुचलं : फोटो नसला तरी तलावाचा निळा रंग तर देता येईल! सगळी साईट त्या एका निळ्यावर उभी राहील. घरी येईपर्यंत अंगावर काटा होता. टाकीत पाणी नव्हतं, म्हणून तसाच झोपलो.

२५ मार्च.
मल्हारी म्हणून एक गृहस्थ आले. फुलंब्रीकडचे. घरच्या मेंढ्या विकून टँकर घेतला, आता दोन आहेत. सुकेशनीच्या कॉलनीत पाणी टाकतात. त्यांना 'नेटवर नंबर' पाहिजे. मी त्यांना ब्रँड म्हणजे काय ते पाऊण तास समजावलं. मेंढ्यांपासून पाण्यापर्यंतचा प्रवास, त्यातली कहाणी वगैरे. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, साहेब, लई झाकपाक नको. माणूस तहानलाय, त्यानं नंबर दाबला की मला फोन लागला पायजे. बास.
काम सुकेशनीला दिलं. जेवणानंतर बसली, चहापर्यंत झालं. टँकरचा एक फोटो, खाली हा एवढा मोठा नंबर. बघवेना. खाली आपल्या कंपनीचं नाव टाकू दिलं नाही.

८ एप्रिल, गुढीपाडवा.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून नीलजल. आज सण, म्हणून उद्यापासून.
चाळीस निळ्यांतून अकरा निवडले. प्रांजलीला दाखवले. म्हणाली, अकरा कुठं आहेत? एकच तर आहे. अन् आधी टँकर आलाय, बादल्या लावा.

११ एप्रिल.
तात्यासाहेबांचा फोन. कुठपर्यंत आलं? म्हटलं, रिसर्च फेज. म्हणाले, राव, वेबसाईट करून राह्यले का मंगळावर उतरून राह्यले? हसलो. ते हसले नाहीत.

१४ एप्रिल.
जयंतीची सुट्टी. सुकेशनी सकाळपासून क्रांती चौकात. तिनं केलेलं बॅनर पाहिलं. चांगलं आहे. निळा रंग विशेषतः. तिला विचारलं, किती दिवस लागले निवडायला? म्हणाली, सर, तो निवडायला लागत नाही.
ऑफिसात एकटाच. आज अखंड काम करायचं ठरवलं होतं. पण घाईत चुका होतात, म्हणून आधी चेकलिस्ट केली. चौसष्ट मुद्दे. मुद्दा क्रमांक एक : फोन नंबर तपासणे. इतकी साधी गोष्ट लिहावी का, असा प्रश्न पडला. तरी लिहिली. मी असा आहे. मुद्दे दोन ते चौसष्ट रंग आणि मोकळी जागा याविषयी.

२२ एप्रिल.
मल्हारी पेढे घेऊन आले. तिसरा टँकर घेतला. म्हणाले, ताई, तुमच्या त्या पानानं जेवू देईनात लोक मला. मला असूया वाटली का? अर्धा तास स्वतःला तपासलं. नाही वाटली. पेढा मात्र फार गोड होता.

२ मे, सोमवार.
सात दिवस राहिले. प्रगती : निळा क्रमांक सात पक्का.
इतर प्रगती : नाही.
सुकेशनी म्हणाली, सर, मल्हारीकाकांच्या पानाचा सांगाडा घेऊ. फोटो बदलू, नाव बदलू, दोन तासांत उभं राहील. मी तिला नकाराची कारणं सांगितली. तिनं खिडकीबाहेर बघत ऐकली.

७ मे, शनिवार.
तत्त्वाचा फेरविचार केला. तत्त्व म्हणजे दगड नव्हे. मल्हारींच्या पानाची कॉपी घेतली, त्यावर नीलजल चढवलं. सांगाडा टँकरचा असला तरी निळा माझा आहे. सुकेशनी म्हणाली, एकदा नजर टाकते. म्हटलं, तपासणं डायरेक्टरचं काम. तिला चुलतबहिणीच्या लग्नाला जालन्याला जायचं होतं. जा म्हटलं.

८ मे, रविवार. दुपारी ४.
चेकलिस्ट शेवटून तपासली, कारण महत्त्वाचे मुद्दे शेवटी आहेत. चौसष्टपासून दोनपर्यंत आलो आणि लाईट गेली. मुद्दा एक तोंडपाठ आहे. टिक केली.

९ मे, अक्षय्य तृतीया.
९.०० साईट सुरू. मोबाईलवर, लॅपटॉपवर, प्रांजलीच्या मोबाईलवर पाहिली. तो निळा! प्रांजली म्हणाली, छान दिसतंय हो. लग्नाला अठरा वर्षं झाली, हे वाक्य जपून ठेवलं.
११.०० तात्यासाहेबांचा फोन. पेपरात जाहिरात, चौकाचौकात होर्डिंग, सगळ्यांवर वेबसाईटचं नाव. तरी बुकिंग ऑफिसात एक फोन नाही. सनई वाजून राह्यली, ऐकायला आम्हीच. मी सांगितलं, डिजिटल गोष्टी मुरायला वेळ लागतो.
१२.३० मल्हारींचा फोन. म्हणाले, साहेब, सकाळपासून लोक मला फ्लॅट मागून राह्यले. मी म्हणलं, बाबांनो, माझ्याकडं फ्लॅट नाय, पाणी हाय.
थोडा वेळ काही समजलं नाही. मग समजलं. खुर्चीवर बसलो. आधीच बसलेलो होतो.
विचारलं, आणखी काय सांगितलंत त्यांना? म्हणाले, काय नाय, जे हाय ते. लोक इचारत होते, तिथं पाण्याचं कसंय? म्हणलं, बांधकामाला मीच टाकतो, रोज चार खेपा. दोन बोअर मारले, दोन्ही कोरडे. तळं लई भारी हाय, पोरं किरकेट खेळतात. आता इचारलं तर खोटं कसं बोलायचं, सणाच्या दिवशी?
किती लोक? म्हणाले, साठ-सत्तर असतील. पण वाईट वाटून घेऊ नका साहेब, त्यातल्या नऊ जणांनी टँकर सांगितला.
१.१५ नंबर बदलला. एक मिनिट लागलं.
२.०० तात्यासाहेब स्वतः आले. ओरडतील असं वाटलं होतं. दारातच उभं राहून म्हणाले, मी तुम्हाला वेबसाईट सांगितली होती राव, पंचनामा नव्हे. आणि गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही. ऑफिसात नव्हतंही.

१० मे.
आत्मपरीक्षण. चूक कुणाची? सुकेशनीचा सांगाडा, मल्हारींचा स्वभाव, लाईट. माझ्याकडे फक्त टिक. शिवाय खोटं पाणी दाखवणार नाही हे तत्त्व मी जितकं पाळलं तितकं या शहरात कुणी पाळलं नसेल.
संध्याकाळी पुन्हा वाचलं. ती टिक माझी होती.

१४ मे.
प्रांजलीनं माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसून ठेवली. नानासाहेबांचा फोन : दाजी, कांद्याला भाव नाही, पण खुर्ची हाय, या.

१६ मे, सोमवार.
मल्हारी चार टँकरवाल्यांना आणि एका बोअरवाल्याला घेऊन आले. सगळ्यांना 'मल्हारीसारखं पान' पाहिजे. ऑफिसात एवढ्या खुर्च्या नाहीत, म्हणून मी उभा राहिलो.
ते गेल्यावर सुकेशनी म्हणाली, सर, ऑफिस मी चालवू का? नाव माझं, भाड्याचा करारही माझ्या नावावर करू. तुम्ही राहा ना. चेकलिस्ट तुम्हीच सांभाळा. फक्त मी ती जरा कमी केली आहे.
विचार करून सांगतो म्हटलं. चहा येईपर्यंत विचार केला. पद : हेड, क्वालिटी. पद मीच सुचवलं, ती हो म्हणाली. नवी चेकलिस्ट टेबलावर होती. मुद्दा क्रमांक एक. दोन ते चौसष्ट नाहीत.
बॅग माळ्यावर परत. प्रांजलीनं स्वतः चढवली.

२३ मे, सोमवार.
कामाची पद्धत बसवली आहे. पान उघडायचं, नंबर दाबायचा, योग्य माणूस बोलला की टिक. न बोलता टिक करायची नाही. आज एकोणीस तपासले. अठरा बरोबर.
एकोणिसावा आपलाच. सुकेशनी म्हणाली, पिक्सेलपानचं जुनं पान बंद करण्याआधी तेही एकदा बघून घ्या. नंबर दाबला. माझा फोन टेबलावर होता, तो वाजला नाही. दुसरीकडेच वाजत राहिला. मग एक आजी बोलल्या. पाचोडच्या लीलाबाई. पानावर माझ्या नंबराचे शेवटचे दोन आकडे उलटे होते. दसऱ्याला साईट मीच केली होती.
मी पिक्सेलपानचं नाव काढताच म्हणाल्या, आता गं बया, तुमी पन का? दसऱ्यापासून लोक इचारून राह्यले, येबसाईट करता का, येबसाईट करता का. शंभरेक झाले असतील. मी तरी कितींना समजवायचं? आता सरळ सांगते, ते दुकान बंद पडलं म्हणून.
मी म्हटलं, बरोबर सांगता.