नसीमच्या घराचा इसार

९ ऑगस्ट २०००
रिफंडचे चेक आले, शाळेच्या पत्त्यावर. एक माझा, एक नसीमचा. गेल्या वर्षी वेतन आयोगाची थकबाकी एकदम मिळाली, त्यावर टॅक्सही एकदम कापला. आमच्या कारकूनकाकांनी दोघींना बसवून सांगितलं होतं, मागच्या वर्षांत वाटून दाखवा, जास्तीचा परत मिळेल. मिळाला. तिचा नि माझा जवळजवळ सारखाच.
नसीम म्हणाली, "हा घराचा इसार."
"एकटीला घर कशाला गं?" मी हसून म्हटलं. हसायला नको होतं.
"भाऊ कुवेतला, घर भावजयीचं. मी किती दिवस पाहुणी राहू?"
नऊ वर्षं स्टाफरूममध्ये शेजारी बसतो. कधी बोलली नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर तिने फ्लॅट दाखवला. दुसरा मजला, सावित्री नदीचं पाणी चढलं तरी तिथवर येत नाही. चेक भरून टाकलाय, बाकीचं कर्ज. व्याजावर दर वर्षी टॅक्समध्ये सूट, तोंडपाठ सांगत होती. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. मला आवडली. तिला म्हटलं, लहान आहे.
माझा चेक पोलादपूरला सासरी गेला. धाकट्या दिरांना जुना टेम्पो घ्यायचाय. हे म्हणाले, "आपलंच घर आहे." आपलंच. मी भाड्याच्या दोन खोल्यांत.

२२ ऑगस्ट
बँकेला दोन पगारदार जामीन हवेत. एक आमचे मुख्याध्यापक, दुसरी म्हणून तिने मला विचारलं.
"ह्यांना विचारून सांगते."
घरी आले, भात लावला, मुलीचा अभ्यास घेतला. विचारलं नाही.

२६ ऑगस्ट
नसीमला सांगितलं, हे नको म्हणतात.
"बरं," म्हणाली. मग डबा उघडला. तांदळाची सांदणं आणली होती, नेहमीसारखी अर्धी माझ्या झाकणात ठेवली. मी खाल्ली.
तिला दुसरा जामीन मिळूच नये असं दिवसभर वाटत होतं. इथे तरी खरं लिहावं.

३ सप्टेंबर, पोलादपूर
गणपती. टेम्पो अंगणात, झेंडूचा हार घालून. येईल त्याला सासूबाई सांगतात, "माज्या धाकट्यानं घेतलान." माझं नाव नाय. (इथे आले की लिहितानाही नाय येतं.)
दीर म्हणाले, "वयनी, कशेडी घाट चढताना तापतोय पण. इंजिनाचं काम हाय."
म्हणजे अजून पैसे. हे माझ्याकडे बघत होते. मी आरतीचं ताट घासायला घेतलं.

११ सप्टेंबर
हे संध्याकाळी आले ते म्हणाले, "स्टँडवर नसीमबाई भेटल्या. म्हणाल्या, भाऊ, तुमची अडचण असेल तर माझं काही मनात नाही. कसली अडचण?"
मी कणीक मळत होते.
"जामीन राहायचं होतं. तुम्ही नको म्हणता असं मी सांगितलं."
ह्यांनी पिशवी खुंटीला लावली. मग, "कर सही. ती बुडवणारी नाही." का सांगितलंस, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं होतं.

१३ सप्टेंबर
सही केली. बँकेतून दोघी चालत निघालो. बाजारपेठ संपली तेव्हा मीच म्हटलं.
"ह्यांना मी विचारलंच नव्हतं."
"कळलं मला स्टँडवर. राग आला होता का माझा?"
"राग नाही. जळत होते."
थांबली. ओढणी सारखी केली. "मग तसं सांगायचं. मी दुसरं कुणी बघितलं असतं. पंधरा दिवस मला वाटलं, मी मुसलमान म्हणून भाऊ नको म्हणाले."
हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर
नसीमला किल्ली मिळाली. शाळेतल्या सगळ्यांना चहा, सतरंजीवर बसून. मला आत नेऊन ओटा दाखवला, कडप्पा तिने स्वतः निवडलाय. छान आहे म्हटलं. खरंच छान आहे. पोटात दुखायचं ते दुखलंच.
निघताना दाराशी म्हणाली, "समोरचा फ्लॅट अजून विकला नाही. दोघी मिळून शाळेत जाऊ."
सहज म्हणाली की काय, कळलं नाही.

१८ नोव्हेंबर
शाळा सुटल्यावर एकटीच बिल्डरच्या ऑफिसात. टेबलावरच्या माणसाने खुर्ची दिली. समोरचा फ्लॅट आहे, पण दोघे बघून गेलेत. मी पगार सांगितला. कर्ज बसेल म्हणाला. इसाराला काय आणणार, विचारलं. सोन्याच्या बांगड्या झाकल्या जातील असा पदर ओढून बसले होते, तो आपोआप सरकला.
"मिस्टरांच्या नावावर ना?"
"माझ्या."
"त्यांना घेऊन या एकदा. पुढच्या रविवारपर्यंत थांबतो."
घरी आले तर हे दिरांशी फोनवर. इंजिनाचंच. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "काय सांगू त्याला?"
म्हटलं, "फोन ठेवा आधी. मला बोलायचंय."