घटक तेच, क्रम तोच

२ मार्च, सोमवार
हिने चेहऱ्याला क्रीम आणलंय. इतकी वर्षं साबणावर भागलं, आता अचानक क्रीम. गालांवर वांगाचे डाग आहेत म्हणे. सोळा तारखेपासून दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायचंय. पन्नाशीला पहिली नोकरी, आत येणारा प्रत्येक माणूस आधी आपलाच चेहरा बघणार, असं तिचं म्हणणं. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी लिहून दिलं. मला डॉक्टरबाईंचाच संशय आहे. औषधाचं दुकान त्यांच्या दाराला चिकटून आहे.
मी संशयी नाही. मला फसवता येत नाही, एवढंच.

३ मार्च, मंगळवार
संकल्प: क्रीमचा छडा लावणे. या कामाला माझ्याइतका लायक माणूस नाही. आमच्या छापखान्यात औषधांची नि क्रीमची खोकी छापतात, आणि खोक्यावरचं अक्षर न् अक्षर तपासून शेवटची 'ओके'ची सही करणारा मी. 'नायसिनामाइड' मी झोपेतसुद्धा बिनचूक लिहीन. ते करतं काय, हा वेगळा विषय.
हिचं खोकं वाचलं. पहिला घटक ॲक्वा, म्हणजे चक्क पाणी. कंपन्या लोकांच्या तोंडाला पानं पुसतात ती अशी.

५ मार्च, गुरुवार
कन्या केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. न विचारता बोलली. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण एक टक्क्याच्या आतले कसेही लिहिले तरी चालतात. शिवाय कुठला किती टक्के, ते बहुतेक खोक्यांवर नसतंच. त्यामुळे नुसती यादी जुळली म्हणून दोन क्रीम सारखी होत नाहीत, वगैरे.
म्हणजे टक्के लपवतात. संशय दुप्पट. तसं म्हणालो तर बाबा तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही म्हणाली. शिकून मुलं उद्धट होतात.

८ मार्च, रविवार
दुकानात उभं राहून झाडून सगळी खोकी वाचली. दुकानदाराला मी सरकारी इन्स्पेक्टर वाटलो असणार. स्टूल दिलं, पाणी विचारलं. मी पाणी प्यायलो आणि पुढचं खोकं उचललं. त्याच्या इतकं घाबरण्यातही काहीतरी काळंबेरं आहे.
आणि सापडलं. हिरव्या खोक्यातलं एक क्रीम, अगदीच स्वस्त. हिचं खोकं शेजारी धरून ताडून पाहिलं. घटक तेच, क्रम तोच, काडीचा फरक नाही. दोन्ही खोकी आमच्याच छापखान्याची. हिरव्याच्या प्रुफात नायसिनामाइडनंतरचा स्वल्पविराम राहिला होता, तो मीच पकडला होता. साहेबांनी सर्वांसमोर पाठ थोपटली होती.
हिरवं विकत घेतलं.

९ मार्च, सोमवार
हिला दोन्ही याद्या मोठ्याने वाचून दाखवल्या. ऐकून घेतलं, आणि माझ्या डबीला हात लावू नका म्हणाली. पुराव्याला किंमत नाही या घरात.

११ मार्च, बुधवार
प्रयोग सुरू. ही आंघोळीला गेली तेव्हा डबी रिकामी करून तिच्यात हिरव्या खोक्यातलं क्रीम भरलं. वरून चमच्याने छान सपाट केलं. ही फसवणूक नव्हे. ही फसत होती, ते मी थांबवलं.
काढलेलं डॉक्टरी क्रीम फेकवेना. टाचांना लावतोय.

१२ मार्च, गुरुवार
हिने विचारलं, आज क्रीमला वास का येतोय. बॅच बदलली असेल म्हणालो. पटलं तिला. किती पटकन विश्वास ठेवते ही माणसांवर. कोणीही गंडवेल.

१४ मार्च, शनिवार
हिचे गाल लाल झालेत, आग होतेय म्हणते. मला मेहुणीने दिलेल्या नव्या टॉवेलचा संशय आहे. उशीच्या अभ्र्यांना साबण राहतो, तेही एक. हिला डॉक्टरबाईंचा संशय, पाण्याचा संशय, शेवटी स्वतःच्या वयाचा. माझा संशय नाही. साहजिक आहे.
टाचा मात्र मऊ होत चालल्यात.

१५ मार्च, रविवार
गाल सुजले. डॉक्टरबाईंचा दवाखाना बंद. नोकरी उद्यापासून. ही आरशासमोर बसून होती, येत नाही म्हणून कळवू का, असं दोनदा विचारलं. लोक इतकं निरखून बघत नाहीत, म्हणालो. त्यावर रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिला असं रडताना फारसं पाहिलेलं नाही. मला फार वाईट वाटलं. सांगून टाकावं असं वाटलं.
पण प्रयोग अर्धवट सोडणं शास्त्रात बसत नाही.

१६ मार्च, सोमवार
ही मास्क लावून कामावर गेली. मास्कखाली जास्तच आग झाली म्हणून तो काढला, तर एका पेशंटने हे पसरणारं आहे का असं विचारलं. दुपारी तिला घरी पाठवलं.
इकडे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हिरव्या खोक्यावर दुसऱ्याच कंपनीच्या क्रीमचे घटक छापून गेलेत. दोन्ही कामं एकाच दिवशी आली होती, कॉम्प्युटरवाल्याने एकाची यादी दुसऱ्यावर चिकटवली. सगळा माल परत बोलवतायत. प्रुफावर सही माझी.
मी साहेबांच्या निदर्शनास आणलं की यादीत एकही अक्षर चुकलेलं नाही. साहेब म्हणाले, नाही, फक्त क्रीम चुकलंय.
हिरव्याची खरी यादी वाचली. सुगंधी द्रव्यं भरपूर. हिला डॉक्टरबाईंनी नेमकं तेच टाळायला सांगितलं होतं.

१७ मार्च, मंगळवार
हिला सगळं सांगितलं. यादीच्या घोळापासून सुरुवात केली, म्हणजे माझा भाग ओघात लहान वाटेल. तिने मध्येच थांबवून एवढंच विचारलं, की रविवारी मी रडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं का. यादीचा घोळ तेव्हा ठाऊक नव्हता, म्हणालो. डबीचं विचारतेय, म्हणाली.
जेवण झालं. कन्या आईशेजारी जाऊन बसली.

१८ मार्च, बुधवार
डॉक्टरबाईंकडे मीही गेलो. त्यांनी डबी उघडून वास घेतला आणि यात हे कोणी भरलं, असं विचारलं. ही म्हणाली, माहीत नाही. मी खुर्चीत बसून होतो. नव्या टॉवेलचं हिने आधी सांगितलं होतं, त्यामुळे त्यांनी बहुधा मेहुणीवर संशय घेतला असावा.

२८ मार्च, शनिवार
गाल निवळले. ही पुन्हा कामावर जाऊ लागली. दवाखान्यात तिला एक ड्रॉवर मिळालाय, कुलपासकट. नवीन क्रीम तिथेच ठेवते. सकाळी जाऊन लावते, संध्याकाळी निघताना लावून येते. सुट्टीच्या दिवशी लावतच नाही.
कुलूप कशाला, तिथे लोक वस्तूंना हात लावतात का, असं मी सहज विचारलं.
नाही म्हणाली. तिथे नाही.