न आलेली सात माणसं

आबा,

आज मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. लोणावळ्याच्या बाजारातल्या संगणक केंद्रात बसून मी प्रकल्प अहवालातला विक्रीचा तक्ता चौथ्यांदा तपासत होतो. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही. मग वहीचं मागचं कोरं पान काढलं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. त्या वर्षी दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढे हॉटेलच्या काउंटरवर नोकरी करत बाहेरून बारावी केली, पदवी केली, आणि आता पदव्युत्तर पदविकेला आहे. इंटरनेट तंत्रज्ञान आणि व्यवसाय, दोन्ही एकत्र. वेबसाइट बांधायची आणि तिच्यावर धंदाही चालवून दाखवायचा. गेल्या वर्षी नापास झालो. आज पाच वाजेपर्यंत अहवाल गेला पाहिजे, आणि ही शेवटची संधी आहे.

धंदा मी आपलाच घेतला. आपल्या कुरवंडे गावातून नागफणीच्या कड्यावर जाणाऱ्यांना घरचं जेवण. तुमचं काम साधं होतं. सकाळी वळणावर उभं राहून वर जाणारी डोकी मोजायची आणि आईला हाक द्यायची, "नऊ गं!" आगाऊ पैसा नाही. मोजलेलं माणूस खाली उतरून जेवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. एकदा तुम्ही मला मोजायला पाठवलंत. मी पुस्तक वाचत बसलो आणि येऊन 'चौदा' सांगितलं. जेवायला नऊच आले. तुम्ही भाकरीच्या टोपलीकडे बघता आणि म्हणता, "पाच मानसं तू घरबसल्या पैदा केलीस की रं! आता त्यांची जेवनं कोन करनार, तुझा मास्तर?" आई तोंडाला पदर लावून हसते. मी हसत नाही. चार वाजेपर्यंत मला भाकरी खायला लावलीत, आणि शेवटची अर्धी तुम्ही माझ्या हातातून काढून घेऊन स्वतः खाल्लीत.

आबा, या वेळी मी सात माणसं पैदा केली.

अहवालाला वेबसाइटवरून आलेल्या किमान दहा ऑर्डर लागतात. तीन महिन्यांत तीन आल्या. ऑर्डर मोजायची मुदत रविवारी संपत होती. शनिवारी कामावर बसून मी मित्रांच्या नावांनी रविवारच्या जेवणाच्या सात ऑर्डर टाकल्या, एकेका ताटाच्या, दीडशे रुपयांप्रमाणे, माझ्याच खात्यातून. पैसे आईच्या खात्यात जातात, म्हणजे घरातच राहतात, एवढाच विचार केला. पण ऑर्डर आली की वेबसाइट आईच्या फोनवर संदेश पाठवते. ही सोय मीच केली होती, अहवालात तिच्यावर अर्धं पान लिहिलं होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून ती फोन बघत नाही असं मी धरून चाललो. ती रोज शेजारच्या काकूंकडून एकेक संदेश वाचून घेते, हे मला माहीत नव्हतं.

रविवारी दिवस कलताना घरी आलो तर ओसरीवर सात ताटं मांडलेली. भाकरी फडक्यात, पिठलं गार झालेलं. आई पायरीवर उभी होती. सकाळपासून उपाशी.

"सात पाव्हनं वरच ऱ्हायलं रं," ती म्हणाली. "वळनावर एकबी दिसला न्हाई. म्हनलं, उजाडायच्या आदीच वर गेलं आसतील. कड्याकडं गेलं नसतील ना?"

"आई, येतील गं. नाहीतर नसतील येत."

"नसतील येत म्हंजी? पैसं घेतलंय आपन त्यांचं! फोन लाव त्यास्नी."

आळीतली चार पोरं दोर आणि बॅटऱ्या घेऊन तयारच होती. त्यातला एक मला म्हणाला, "तू बस हितं कॉम्प्युटर घेऊन, आमी जातो." पोरं निघाली. मग मी नुसताच फोन कानाला लावून अंगणात फिरलो, पोरांना हाक मारून मागे बोलावलं आणि सांगितलं की त्यांची गाडी खंडाळ्याला बंद पडली, ते परत गेले, आणि आमच्या वाटचं तुम्हीच जेवा म्हणाले. हे ऐकल्यावरच आई जेवायला बसली. जेवताना म्हणाली, "मानसं चांगली हायेत." काल सकाळी तिने खात्यातून पैसे काढून आणवले आणि नोटा मोजून माझ्या हातात दिल्या, त्यांना परत करायला.

तक्त्यातल्या त्या सात ओळी आत्ता पुसल्या. तीन उरल्या आहेत. तीन ऑर्डरवर कुणी पास करत नाही, हे मला कळतं. आईला काय सांगायचं ते कळत नाही. ती संध्याकाळी विचारेल, पोचलं का रं पैसं त्यास्नी?

फी, १८,५०० रुपये. पुन्हा बसण्याची फी, २,५००. वेबसाइट, ३,२००. एकूण खर्च २४,२००. आईचं देणं, खिशातल्या नोटा, १,०५०, आणि त्या सात ताटांचं पीठ, बेसन, तेल, जे तिने हिशोबात धरलंच नाही.

एक लिहायचं राहिलं, आबा. पोरं दोर घेऊन निघाली तेव्हा मी त्यांना लगेच हाक मारली नाही. पहिल्या चढापर्यंत जाऊ दिलं.