सातव्या रांगेची करवत

ओब्दुलियाताई,

बदामाची सातवी रांग काल मुळासकट उपटली. झाडं इतकी दाट होती, की छाटायला आत शिरलं की आभाळ दिसत नसे.

तू आईला दवाखान्यात नेलंस त्या दिवशी, तुझा खाडा लपवायला, तुझी ती रांग मी छाटली. पहिल्याच झाडाच्या खोडातून रोगट डिंक ओघळत होता. प्रत्येक झाडानंतर करवत स्पिरिटने पुसायची, हे तूच शिकवलेलंस. मी घाईत होतो.

दोन वर्षांनी, मी छाटली त्याच क्रमाने झाडं वाळू लागली. मालक सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "रांग तुझीच ना? मग चालती हो."

घरी तू एवढंच विचारलंस, "फेर्मीन, करवत पुसली होतीस ना रे?"

"पुसली होती ताई, आईशप्पथ."

तू विश्वास ठेवलास आणि माझं नाव कुणाला सांगितलं नाहीस. सारागोसात हॉटेलात भांडी घासतेस, असं ऐकतो.

मी आता मुकादम आहे. नव्या माणसांच्या हाती करवत देताना आधी तुझी गोष्ट सांगतो: "इथे एक बाई होती. ती करवत पुसत नसे."

तुझा धाकटा,
फेर्मीन