बटणांचा की मायक्रोफोनचा

रविवार, ६ नोव्हेंबर

सौ. टायपिस्टबाईंस,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार, आणि छोटीचा माझ्या वतीने एक गालगुच्चा घे. हळूच घे, नाहीतर रडेल आणि नाव माझं होईल.

पत्र लिहिण्यास कारण की, आपला लॅपटॉप वारला.

गेल्या आठवड्यात चालू केला तर पंखा फिरल्याचा आवाज आला, पण पडदा काळा तो काळाच. दुरुस्तीवाल्याने उघडला, आत फुंकर मारली, आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात ‘मदरबोर्ड गेला’ म्हणाला. आतला मजकूर शाबूत आहे, तो त्याने वेगळा काढून दिलाय, तेव्हा तू काळजी करू नकोस. रिकामं यंत्र माझ्याकडेच ठेवतो म्हणाला, पण मी उचलून घरी आणलं. त्याच्या बटणांवरची निम्मी अक्षरं तुझ्या बोटांनी पुसून गेली आहेत, त्याला ते कशाला हवंय? तसा मलाही त्याचा उपयोग नाही म्हणा. तुझ्या बोटांना अक्षरं पाठ, आणि मी बसलो की एक ‘क’ सापडायला चहा गार होतो.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुमच्याकडे फोन सगळ्या घरासाठी असतो. तू स्पीकरवर टाकतेस, छोटी मध्येच लाल बटण दाबते, जावई मागून ‘बाबा, तब्येत काय म्हणते’ विचारतात आणि मी ‘उत्तम’ म्हणून मोकळा होतो.

तर, नवा घ्यायला गेलो. दुकानातल्या बाई आपल्याच वयाच्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी विचारलं, ‘कॉन्फिगरेशन काय हवं?’ मिक्सरपासून वॉशिंग मशीनपर्यंत शेकडो माहितीपत्रकं आपल्या भाषेत आणणारा मी, ‘आपल्या गरजेनुसार योग्य मॉडेल निवडा’ हे वाक्य तुला किती वेळा सांगितलं असेल! आणि स्वतःवर वेळ आली तर मूग गिळून उभा. बाईंना दया आली असावी. म्हणाल्या, ‘रॅम म्हणजे कामाचं टेबल समजा, स्टोरेज म्हणजे कपाट. टेबल मोठं असलं की एका वेळी जास्त पसारा मांडता येतो.’ मी म्हटलं, ‘टेबल आमचं मोठंच आहे, दोघांचं आहे.’ त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

शेवटी दोन काढून ठेवलेत. एक मोठ्या पडद्याचा आणि वजनाला भारी. रॅम आठ जीबी, पण बटणं खोल, दाबली की नीट कळतं की दाबली, आणि आकड्यांची बटणं उजवीकडे वेगळी. तुला हवी असायची तशी. दुसरा हलका, रॅम सोळा, बटणं अगदी सपाट. पण मायक्रोफोन असा की आपण बोलत जायचं आणि समोर मजकूर उमटत जातो. किमतीत म्हणावा असा फरक नाही, तेव्हा ती सबबही नाही.

बाईंनी विचारलं, ‘टाइप कोण करतं?’

‘आमची मंडळी.’

‘मग त्यांना घेऊन या ना. बटणं स्वतः दाबून बघितल्याशिवाय घेऊ नये.’

‘ती बाहेर गेलीय,’ मी म्हटलं. लेकीकडे गेलीय असं म्हणायला हवं होतं. निघालं ते असं, की जणू तू कोपऱ्यावर दूध आणायला गेली आहेस.

लेक परवा फोनवर म्हणाली, ‘बाबा, मायक्रोफोनचाच घ्या. बोललं की झालं. आता आईची वाट बघत बसायला नको.’ तू मागेच होतीस, भांड्यांचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

तेव्हा तूच सांग, कुठला घेऊ? तुझ्याशिवाय मी हे ठरवणार नाही.

तुझ्या लोकरीच्या कपड्यांचं गाठोडं बांधून तयार आहे. तुझ्या खुर्चीवर ठेवलंय. या आठवड्यात पाठवतोच.

आपला,
सांगणारा


रविवार, २० नोव्हेंबर

टायपिस्टबाई,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. ‘मायक्रोफोनचाच घ्या. तुमची सोय होईल. लोकरीचे कपडे लवकर पाठवा, इथे थंडी पडली आहे.’ वाक्यं सुरेख आहेत. एक शब्द जास्त नाही, अर्थाबद्दल शंका नाही. माहितीपत्रकात छापावीत अशी. मी तीन-चारदा वाचली, मागची बाजूही बघितली. तिथे फक्त पत्ता होता.

आज्ञा झाली म्हटल्यावर गेलो दुकानात. बाईंनी तो हलका लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, ‘बोला काहीही.’ मी नेहमीसारखा येरझारा घालत सुरू केलं. हातात ते वाफेच्या इस्त्रीचं काम आहे, त्यातलंच सांगितलं. ‘उपकरणाचा वापर ओल्या हातांनी करण्यात येऊ नये, स्वल्पविराम, तसे केल्यास…’ दुकानातली माणसं वळून बघायला लागली. पडद्यावर सगळं उमटलं. ‘स्वल्पविराम’सुद्धा शब्द म्हणून उमटला. त्यानंतर मी खोकलो, त्याचंही त्याने काहीतरी केलं.

चूक त्याची नाही. पण ते वाक्य त्याने मुकाट्याने लिहून घेतलं, हे मला सोसेना. तू लिहून घेतलं असतंस? तुझी बोटं थांबली असती. तू म्हणाली असतीस, ‘करण्यात येऊ नये म्हणजे काय? हात ओले असतील तर हात लावू नका, असं सांगा ना सरळ.’ मग मी चिडलो असतो, दहा मिनिटं वाद घातला असता, आणि शेवटी तुझंच वाक्य गेलं असतं. आजवर तसंच होत आलंय. लोकांना वाटतं मी लिहितो.

आणि एक झालं. माझं वाक्य संपलं आणि मी नुसताच उभा राहिलो. बाई म्हणाल्या, ‘थांबलात का? बोला की.’

मी म्हटलं, ‘पुढे, असं म्हणायची वाट बघतोय.’

‘कोणी?’

काय सांगणार? तू प्रत्येक वाक्य संपलं की मान वर न करता म्हणतेस ना, ‘हं, पुढे?’ त्याशिवाय माझं दुसरं वाक्य निघतच नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की वाक्यं माझ्या डोक्यात तयार असतात. बाईंनी उगाचच काउंटरची काच पुसायला घेतली. मी ‘विचार करून येतो’ म्हणून निघालो.

आता लिहितोच. तू गेल्यावर पहिल्याच महिन्यात एकदा सकाळी खिडकीपासून दारापर्यंत फिरत मी फ्रीजच्या पत्रकाचं जवळजवळ पान सांगितलं. छान लागलं होतं. वळून बघतो तर खुर्ची रिकामी. लॅपटॉप उघडलासुद्धा नव्हता. वेड लागलं म्हणू नकोस, सवय म्हण. पण त्या दिवशी मी जेवलो नाही. आणि ही काही एकदाच झालेली गोष्ट नाही, म्हणून त्या खुर्चीवर काहीतरी असलेलं बरं, असं मला वाटायला लागलं.

बाळ बसायला लागलं की येते म्हणालीस, मग रांगायला लागलं की. आता छोटी चालते. लेकीच्या तोंडून निसटलं की तू रोज सकाळी तिथल्या वाचनालयात काउंटरवर बसतेस, आणि लोक तुला नावाने हाक मारतात. मला सांगितलं नाहीस. रागावलो नाही, फक्त माझ्या आधी ते दुकानदाराला, शेजाऱ्याला कुणालाही कळलेलं असेल, असं वाटत राहिलं.

खरं सांगू? घर खायला उठतं.

म्हणून मी ठरवलंय, बटणांचाच घेतो. तू येशील तेव्हा लागेलच.

गाठोडं पाठवायचं राहिलं. सुतळी संपली होती.

आपला,
सांगणारा


रविवार, ४ डिसेंबर

प्रिय,

या वेळी पाकिटावर जावयांचं नाव घातलेलं नाही, तुझं घातलंय. नुसतं तुझं. पोस्टमन गोंधळणार नाही अशी आशा आहे, वाचनालयामुळे आता तुला सगळे ओळखतच असतील. आणि टायपिस्टबाई म्हणणं आजपासून बंद. मी लाडाने म्हणायचो गं, पण तू हसणं कधी बंद केलंस ते माझ्या लक्षातच आलं नाही.

मंगळवारी तू आपण होऊन फोन केलास, स्पीकरवर न टाकता. मला आधी वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. तू म्हणालीस, ‘बटणं कोणासाठी घेताय?’

मी म्हटलं, ‘तुझ्यासाठी.’

‘म्हणजे कामासाठी,’ तू म्हणालीस. ‘अहो, इस्त्रीचं पत्रक अडलंय म्हणून मला बोलावताय, की मी नाही म्हणून?’

तू उत्तराची वाट पाहिलीस, मग ‘कपडे पाठवा’ म्हणून फोन ठेवलास. तुझा आवाज रागाचा नव्हता, रागाचा असता तर मला सोपं गेलं असतं.

दोन दिवस मी घरात येरझारा घातल्या, काही न सांगता. मला तुझा प्रश्न कळत नव्हता असं नाही, उत्तर कळत नव्हतं. काम अडलंय हे खरं. तू नाहीस म्हणून अडलंय हेही खरं. दोन्ही एकाच खुर्चीवर बसलेलं, वेगळं कसं काढायचं? बटणांचा लॅपटॉप घेतला तर तो म्हणणार, ये, टाइप करायला माणूस नाही. मायक्रोफोनचा घेतला तर म्हणणार, येऊ नकोस, काम होतंय. दोन्हींत माझं म्हणणं कुठेच नाही. इतक्या माहितीपत्रकांत एवढं साधं वाक्य मी कधी केलेलं नव्हतं, म्हणून जमत नसावं.

शुक्रवारी दुकानात गेलो आणि मायक्रोफोनचा घेतला.

थांब, पत्र फाडू नकोस, पुढचं वाच.

बाईंनी डबा बांधण्याआधी म्हटलं, ‘एकदा शेवटचं बोलून बघा.’ मी तुझं नाव घेतलं. मोठ्याने, भर दुकानात. पहिल्या फटक्यात बरोबर उमटलं, एकही काना-मात्रा चुकली नाही. ते तसं पडद्यावर एकटं किती छान दिसत होतं, मला माहीतच नव्हतं. बाईंनी विचारलं, ‘ह्याच का बाहेर गेलेल्या?’ मी म्हटलं, ‘लेकीकडे गेलीय. केव्हा येईल माहीत नाही.’ हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. डोळे भरून आले, लाज वाटली, पण बरंही वाटलं.

काल इस्त्रीचं पत्रक पुरं करून पाठवलं. रडतखडत झालं. यंत्राच्या चुका काढल्या, माझ्या काढल्या, तुझ्या आवाजात स्वतःलाच दोनदा रागावलो. ‘हात ओले असतील तर हात लावू नका’ असंच गेलंय. चांगलं झालं नाही, पण झालं. म्हणजे आता माझं काम तुझ्यावाचून अडत नाही. कसंही का होईना, चालेल. टाइप करायला मला कोणी नकोय.

म्हणून आता विचारतो. येशील?

कामाला नाही. वाचनालय सोडवत नसेल तर तसं सांग, मी तिकडे येतो. नवा लॅपटॉप हलका आहे, पिशवीत मावतो. हे घर बंद करायला अर्धा दिवस पुरेल, खिडक्या तेवढ्या लावायच्या. लेकीच्या घरात नाही, जवळपास एक खोली बघू. दोन खुर्च्या मावल्या म्हणजे झालं. सकाळी तू काउंटरवर जा, मी माझ्या यंत्राशी बोलत बसेन. दुपारी मात्र मला कोणीतरी वाक्यावरून टोकलं पाहिजे. नाही टोकलंस तरी चालेल, समोर बस.

आणि यायचं नसेल, बोलवायचंही नसेल, तर तेही लिही. तीन वाक्यांत लिहिलंस तरी मला कळेल.

गाठोडं काल पाठवलं. सुतळी घरात होतीच. ते गेलं असतं तर तुझी खुर्ची पुन्हा रिकामी दिसली असती, म्हणून ठेवून घेतलं होतं; तू तिकडे कुडकुडतेयस हे माहीत असून. आता तुझ्याकडे हिवाळाभर पुरतील इतके कपडे आहेत, तेव्हा गारठ्याच्या नावाखाली निघून येऊ नकोस. निघालीस तर माझ्यासाठी निघ. राखाडी स्वेटर तेवढा मिळणार नाही. तो मी ठेवलाय, खोटं बोलत नाही.

हे पत्र यंत्राला सांगितलेलं नाही, हाताने लिहिलंय. प्रत्येक वाक्याला थांबत गेलो, कारण मागून कोणी विचारत नव्हतं. माझी वाक्यं इथे संपली. खुर्ची पुसून ठेवली आहे.

तू ‘पुढे?’ म्हणण्याची वाट पाहत,

तुझा