विलाला साक्षीदार मिळेना

नौपाडा, ठाणे

चि. बाळ यास,

सीतारामदादाचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता वाकतो का? डोंबिवलीच्या जिन्यांनी त्याची पुरती परीक्षा घेतली म्हणायची. इकडे आम्ही उभयता खुशाल.

मी विल करायला घेतलंय. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. माझ्या माघारी "आता आमच्याकडे चला" म्हणत तुझ्या हेमावहिनीला कोणी या घरातून उठवू नये, एवढंच त्यात लिहायचंय. वकील म्हणाले, मराठीत लिहा. मी इंग्रजीचा हट्ट धरला (चाळीस वर्षं साहेबांनी माझं इंग्रजी खोडलं, आता खोडायला कोण बसलंय?). नात दिशा मास्तरीण झाली. तिच्या शिकवणीप्रमाणे 'विल' म्हणजे इंग्रजीतला हरकाम्या गडी. उद्याचं सांगायचं तरी विल, वचन द्यायचं तरी विल, चहा आणशील का विचारायचं तरी विल, आणि पाहुणे आले की नळ जाणारच, असलं नेहमीचं रडगाणं सांगायचं तरी विलच. नाम केलं तर मनातली इच्छा, आणि कागदावर उतरवली की मृत्युपत्र! (आपण येईन, येईनच, येशील का असं सुटसुटीत बोलतो ते बरं.) मी धीर करून पहिलं वाक्य लिहिलं, "आय विल डाय." दिशा म्हणाली, "आजोबा, ग्रामर करेक्ट आहे, पण आजी रडतेय."

शेवटी मराठीतच लिहिलं. खरा घोळ पुढेच झाला. साक्षीदार दोन लागतात, आणि वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची सही नसलेली बरी. मी भोळा सांब, हेच वाक्य सगळीकडे सांगत सुटलो. भाचा अपूर्व "म्हणजे मला काहीच नाही ना, मामा?" म्हणून चहा न घेता गेला. त्याची समजूत घालायला मिक्सर लिहून दिला, म्हणजे तो साक्षीतून बाद. शेजारच्या बाबुरावांना आजवर माझ्याकडून वाटीभर साखरेचीही अपेक्षा नव्हती, पण सही मागताच चेहरा पडला. "तीस वर्षांचा शेजार, सीतारामपंत! निदान आठवण म्हणून काहीतरी..." त्यांना झोपाळा लिहिला. तेही बाद. या वेगाने हेमाला घर मिळेल, पण बसायला सतरंजी उरणार नाही.

सौ. लक्ष्मीला आशीर्वाद.

तुझा,
सीतारामदादा

ता. क. : रविवारी आधार कार्ड घेऊन ये आणि सही कर. तुला विलात काहीही ठेवलेलं नाही. रागावू नकोस, हेमासाठी ये.

ता. क. २ : दुसरी सही खालचे डॉक्टर करतायत. त्यांना काही नको, फक्त बाबुरावांना लिहिलेला झोपाळा डोक्यावर करकरतो तो काढा म्हणाले.

ता. क. ३ : वकील म्हणतात, साक्षीदार माझ्या माघारी कोर्टात उभा राहील असा हवा. तेव्हा बीपीची गोळी रोज घे आणि लोणचं बंद कर. तू आधी गेलास तर मी काय करायचं, हे विलात कुठेच लिहिता येत नाही रे.